उजवीकडून उघडायचं पुस्तक

निघोजे
गुरुवार, ११ सप्टेंबर २०२५

ती. मालोजीमामांना दिपालीचा नमस्कार.

पत्र बघून दचकू नका. तुम्हाला फोन करून उपयोग नाही. एकतीस वर्षं कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये काढल्यावर तुमच्या कानात आता नुसती गुणगुण उरली आहे, हे सगळ्या घराला माहीत आहे. आणि खरं सांगायचं तर फोनवर मला बोलताही आलं नसतं. आमची खोली दहा बाय बारा. एका कोपऱ्यात गॅस, दुसऱ्या कोपऱ्यात सुजित. इथं कुजबुजलं तरी त्याला ऐकू जातं.

आमच्या गेस्ट हाऊसच्या चादरी दर गुरुवारी धुवायला तुमच्या दापोडीला जातात. टेम्पो उद्धवराव चालवतात. ते हे पत्र तुमच्या हातात देतील, उत्तर पुढच्या गुरुवारी त्यांच्याकडेच द्या.

मार्चमध्ये गोडाऊनमधला रॅक सुजितच्या पाठीवर आला. एप्रिलमध्ये दवाखान्यातून घरी आणला, तेव्हापासून त्यानं दाराबाहेर पाऊल, म्हणजे पाऊल कुठलं, चाकसुद्धा टाकलेलं नाही. दाराला दीड फुटाची पायरी आहे. खुर्ची घडी घालून भिंतीला टेकवलीय. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. मी सकाळी सात ते तीन कामावर, तेवढ्यात घरमालकीण इंदुताई दोनदा येऊन कूस बदलून जातात. सुजित भिंतीकडे तोंड करून असतो. "जेवतोस?" "हं." "पाणी?" "नको." दिवसाला सहा शब्द. मी मोजलेत.

आता मुद्द्याचं. आईचा निरोप आलाय. माझा भाऊ रविराज १९ ऑक्टोबरला मला दिवाळीसाठी परभणीला न्यायला येतोय. निमित्त भाऊबीजेचं, पण परत पाठवायचं नाही असं त्यानं आणि आईनं ठरवलंय. सुजितला दिवाळीनंतर त्याचे थोरले भाऊ हिंगोलीकडे गावी नेतील. "सव्वीस वर्षांची पोर, किती दिवस माती करून घेणार?" असं आई म्हणते.

मामा, मला राग यायला हवा होता. आला नाही. दुसऱ्या दिवशी मी गुपचूप माझ्या चार साड्या वेगळ्या काढून ठेवल्या. एवढंच सांगते. जाऊ का? तुम्ही सांगाल तसं करीन.

सोबत एक पुस्तक पाठवतेय. अकरा नंबरच्या खोलीतले जपानी साहेब परत गेले, तेव्हा हे मागं टाकून गेले. सगळी चित्रंच आहेत, अक्षर एक वाचता येत नाही. तुम्ही भज्यांचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकत नाही. हे वाचून दाखवा बघू!

तुमची
दिपाली

दापोडी
१८ सप्टेंबर २०२५

चि. दिपालीस मालोजीमामाचा भरघोस आशीर्वाद.

बाई गं, उद्धवरावांनी पत्र दिलं तेव्हा मी गल्लीत कट्ट्यावर बसलो होतो. वाचून उठलो ते सुनेला न सांगता नदीच्या पुलापर्यंत चालत गेलो नि परत आलो. तुझ्या प्रश्नाला एकदम उत्तर देणार नाही. दुरून डोंगर साजरे, आणि दुरून दिलेला सल्ला त्याहून साजरा. चार दिवस जाऊ देत.

तोवर तुझ्या पुस्तकाचं सांगतो. तू थट्टेनं पाठवलंस, पण मी ते वाचलं. शाळा चौथीपर्यंत झाली, पुढचं सगळं रद्दीवरच शिकलो. अक्षर नसलं म्हणून काय झालं? मशिनचा नकाशा वाचायचो तसं वाचलं. लेन्स घेऊन तीन दिवस.

त्यात एक नवरा-बायको आहेत. मी नवऱ्याचं नाव गंगाधर ठेवलं, बायकोचं गोजी. सुरुवातीला गोजी एकटी. एका ताटलीत एकटीच जेवतेय. भिंतीपाशी गंगाधरचा फोटो, समोर उदबत्ती. म्हणजे नवरा कुठं लांब कामाला गेलाय नि ही बिचारी त्याच्या वाटेकडे डोळे लावून आहे. मग काळ्या कपड्यातले खूप लोक येतात, सगळे खाली मान घालून. त्यांच्यात काही कार्य असेल. आणि मग काय, गंगाधर परत येतो! पण आजारी. अंथरुणावर, नाकात नळी. गोजी त्याचं सगळं करते. पुसणं, भरवणं, कूस बदलणं. हळूहळू नळी जाते. मग तो उशीला टेकून बसतो. मग काठी धरून उभा. मग एक दिवस गडी डबा घेऊन ओतकामाच्या कारखान्यात! शेवटच्या पानावर दोघं रेल्वेच्या फलाटावर उभी आहेत, इतकी लाजलेली की नवीन लग्न झाल्यागत.

मधे काही पानं विचित्र आहेत हं. एका ठिकाणी गोजी घास भरवते नि घास तोंडातून परत वाडग्यात जातो. चहाचंही तसंच, कपातला किटलीत. म्हटलं, जपानी लोकांची काही रीत असेल, आपल्याला काय ठाऊक?

पुस्तक परत धाडतोय. सुजितरावांना दाखव. ही गंगाधरची गोष्ट वाचून दाखव. त्यांना म्हणावं, मामांनी सांगितलंय, अंथरुणातून माणूस उठतो.

तुझा
मालोजीमामा

निघोजे
२५ सप्टेंबर २०२५

ती. मामांना नमस्कार.

काय सांगू तुम्हाला! कामावरून आल्यावर मी तुमचं गंगाधरचं पान मोठ्यानं वाचलं. बाकीचं अर्थात नाही वाचलं. मग भिंतीकडूनच म्हणाला, "पुस्तक आण." दिलं. खूप वेळ चाळत होता, एकेक पान. मग पुस्तक छातीवर ठेवून वर पत्र्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "बरं."

दुसऱ्या दिवशी इंदुताईंना सांगून त्यानं खिडकीच्या गजाला जाड दोरी बांधून घेतली. ती धरून स्वतःला वर ओढतो. पहिल्या दिवशी सात वेळा. काल पन्नास. घामाने उशी भिजते. मी म्हटलं, "अरे, हळू." तर म्हणतो, "मामांचा गंगाधर उठला, मग मला काय धाड भरलीय?" मामा, हे इतके शब्द एका दमात सहा महिन्यांत बोलला नव्हता. मी "वा!" म्हटलं. इंदुताई दारातून ओरडल्या, "आता कसं! पैलवानच हाय की आमचा!" तो हसला. खरंच हसला.

तुम्ही विचाराल, मग साड्यांचं काय. साड्या आहेत तिथंच आहेत.

एक गोष्ट लिहायची होती. पण आज नको.

तुमची
दिपाली

दापोडी
२ ऑक्टोबर २०२५, दसरा

चि. दिपाली आणि सुजितराव, दोघांना आशीर्वाद. सोनं घ्या, सोन्यासारखे राहा.

पत्र वाचून मी सुनेला सांगून गोड शिरा करवला. पन्नास वेळा! आता जाण्याबिण्याचं नाव काढू नकोस. मी तुझ्या आईला परभणीला कार्ड टाकलंय की जावई उठायच्या मार्गावर आहेत, रविराजला पाठवायची गरज नाही. दिवाळीला आम्हीच सगळे निघोज्याला येतो आणि सुजितरावांना पायांवर उभं बघतो.

शितावरून भाताची परीक्षा. झालं काम आपलं.

तुझा
मालोजीमामा

निघोजे
९ ऑक्टोबर २०२५

मामा,

नमस्कार. पुस्तक परत पाठवतेय. ते या घरात नको.

गेस्ट हाऊसवर विजयश्री म्हणून एक मुलगी येते, जपानी साहेबांचं बोलणं मराठीत सांगायला. मी तिला कौतुकानं पुस्तकाचं सांगितलं. ती आधी हसली, मग तिनं माझा हात धरला. म्हणाली, "ताई, याला मांगा म्हणतात. हे उजवीकडून उघडतात. तुमच्या मामांनी शेवटाकडून वाचलं."

फलाटावरची दोघं म्हणजे सुरुवात आहे, मामा. तिथं ती पहिल्यांदा भेटतात. मग लग्न, मग कारखाना, मग काठी, मग अंथरूण, मग नळी. काळे कपडे म्हणजे त्याचं दहावं-बारावं समजा. ती एकटी जेवते ते शेवटचं पान आहे. गंगाधर मरतो. तुम्ही आधी कळस चढवला नि मग पाया खणलात.

आणि जे मागं लिहायचं राहिलं ते आता लिहिते. जूनमध्येच डॉक्टर घरी तपासायला आले, तेव्हा त्यांनी मला बाहेर बोलावून सांगितलं होतं की हा कधीच चालणार नाही. पाठीच्या कण्यातली दोरी तुटलीय, ती जुळत नाही. मी हे कुणाला सांगितलं नाही. सुजितला नाही, आईला नाही, तुम्हालाही नाही. मला वाटलं, सांगितलं नाही तर ते थोडं कमी खरं राहील.

आता तो रोज पन्नासच्या जागी ऐंशी वेळा ओढतो. विचारतो, "दिपे, आज पायात काहीतरी सरकल्यासारखं झालं का गं?" आणि मी तिथं उभी राहून "वा!" म्हणते. मामा, ज्याचं जळतं त्याला कळतं. सांगितलं तर तो परत भिंतीकडे वळेल, आणि यावेळी कायमचा. नाही सांगितलं तर रोज त्याला मी फसवायचं. आधी या खोलीत मला फक्त कामाचं ओझं होतं. तुम्ही आत आणखी एक खोटं आणून ठेवलंत आणि बाहेरून कडी लावलीत. वर आईला कार्ड! आईनं फोन करून विचारलं, "उठतोय म्हणे जावई?" मी हो म्हटलं. काय म्हणणार होते?

मी रविराजला सांगितलंय, ये म्हणून. एकोणीस तारखेला मी जाते.

दिपाली

दापोडी
१६ ऑक्टोबर २०२५

चि. दिपाली,

आशीर्वाद देण्याइतकी माझी लायकी आज नाही, पण सवयीनं देतो.

तू लिहिलंस त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. तुझ्या आईला दुसरं कार्ड टाकलं, की मी म्हातारा चुकलो आणि दिपालीला जायचं असेल तर तिला सन्मानानं ने. जा. मी तुला थांब म्हणणार नाही.

पण एक कबुली द्यायची आहे. डावं-उजवं मला कळलं नाही, हे पूर्ण खरं नाही. घास तोंडातून वाडग्यात गेला तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. शंका आली तरी मी पानं उलटत राहिलो. मला गंगाधर उठायला हवा होता.

तुझी अंबुमामी अकरा महिने अंथरुणाला खिळून होती, तू तेव्हा लहान. सगळ्या नात्यात माझं कौतुक झालं की मालोजी डबल शिफ्ट करून बायकोचं औषधपाणी बघतो. खोटं आहे ते. औषधाला एक शिफ्ट पुरत होती. मला घरी जायचं नसायचं. तिच्या अंगाचा वास, तिचं ते टुकूटुकू बघणं सोसायचं नाही. शिफ्ट सुटल्यावरही मी कँटीनमध्ये चहा पीत बसायचो. मशिनच्या आवाजात बरं वाटायचं. ती गेली तेव्हा मी दुसऱ्या शिफ्टला होतो. त्या दिवशी माणूस कमी नव्हता, मीच मागून घेतली होती ती शिफ्ट. हे सोळा वर्षांत आज पहिल्यांदा लिहितोय. माझे कान प्रेसनं नेले असं सगळे म्हणतात. मी म्हणतो, तिनं शेवटी मला हाक मारली असेल, ती ऐकायला नको म्हणून देवानंच नेले.

आता पुस्तकाचं. रागावू नकोस, पण मी ते परत वाचलं. उजवीकडून. वाईट वाटलंच. पण दुसऱ्यांदा वाचताना जे दिसलं ते तुला सांगितलं नाही तर मी पुन्हा अर्धंच सांगितल्यासारखं होईल.

दवाखान्याच्या बोळात डॉक्टर गोजीला काहीतरी सांगतो, असं एक पान आहे. तिचा चेहरा बघून कळतं काय सांगितलं ते. पहिल्यांदा मला ते पान निरोपाचं वाटलं होतं, बरा होऊन घरी चाललेत असं. त्या पानापासून काळ्या कपड्यांपर्यंत मी पानं मोजली. चौऱ्याण्णव. म्हणजे अर्ध्याच्या जवळपास पुस्तक डॉक्टरनं सांगितल्यानंतरचं आहे! माणूस आहे अजून, घर आहे, खिडकीत झाड आहे. त्यातल्या एका पानावर दोघं कडाडून भांडतात. ती वाडगा आपटते, तुकडे तुकडे. पुढच्या दोन पानांत काही नाही, नुसती जमीन. त्यापुढं ती गुडघ्यावर बसून तुकडे वेचतेय, आणि तो अंथरुणातून काठीनं दाखवतोय, तो बघ कपाटाखाली एक, तो बघ तिकडे. मग दोघंही हसतायत. इतकंच चित्र. ते मी अर्धा तास बघत होतो. अंबू नि मी त्या अकरा महिन्यांत एकदाही भांडलो नाही. मी घरीच नव्हतो, भांडणार कसा?

गंगाधर मरतो, हे खरं. ते कुठल्याही बाजूनं वाचलं तरी बदलत नाही. पण तो मरायच्या आधी मेलेला नाही, आणि तिनंही त्याला आधी मारलेला नाही. एवढंच मला वाचता आलं.

तू तुझं ठरव. तुला दोष देणारा मी कोण?

मालोजीमामा

निघोजे
१७ ऑक्टोबर, शुक्रवार

आ. मालोजीमामांस सुजितचा नमस्कार.

मामा, पत्र लिहायची सवय नाही. झोपून लिहितोय, अक्षर वाकडं येतंय, सांभाळून घ्या. इंदुताई भावाकडे दापोडीला चालल्यात, त्यांच्या हातून देतोय. दिपाली कामावर आहे.

तुमचं पुस्तक उलटं वाचलेलं आहे, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मी स्टोअरला होतो तिथं एक जपानी सर चहाच्या सुट्टीत असली पुस्तकं वाचत बसायचे. मी एकदा त्यांना म्हटलं होतं, सर, उलटं धरलंय. ते इतकं हसले की चहा सांडला. म्हणून दिपालीनं पुस्तक दिलं तेव्हा मी उजवीकडूनच बघितलं. तो माणूस मरतो.

आणि डॉक्टरांचंही मला माहीत आहे. जूनमध्ये घरी आलेल्या डॉक्टरांनी हिला बाहेर बोलावलं. परत आली ती हसत आली आणि येताना कोपऱ्यावरून जिलेबी घेऊन आली. मामा, लग्नाला तीन वर्षं झाली. वाईट बातमी असली की ती गोड आणते. माझी पहिली नोकरी गेली तेव्हा बासुंदी केली होती. जिलेबी बघितली आणि समजलो.

मग दोरी कशाला ओढतो? ती "वा!" म्हणते तेव्हा तिचा आवाज पहिल्यासारखा होतो म्हणून. आणि दुसरं, हात मजबूत झाले तर गावी दादा-वहिनीला माझं ओझं कमी होईल. पायात सरकल्यासारखं होतंय का, हे मी मुद्दाम विचारतो. तिनं आशा धरलीय असं मला वाटतं, ती मोडायला नको.

भिंतीकडे तोंड करतो त्याचं तिला वाईट वाटतं. पण खोली एवढीशी. तिला रडायचं झालं तर कुठं रडेल? मी भिंतीकडे बघितलं तर तिला रडता तरी येतं.

साड्या मला दिसल्यात. चार आहेत. लग्नातली त्यात नाही.

आता काम सांगतो. रविवारी रविराज येतोय. तुम्ही तिला लिहा की जा आणि परत येऊ नकोस. मी सांगितलं तर ती हट्टानं थांबेल. तुमचं ती ऐकते. कडक शब्दांत लिहा. तिला वाटू द्या की मला काही वाटत नाही.

हे पत्र तिला दाखवायचं नाही. तुमच्यावर विश्वास आहे.

तुमचा
सुजित

दापोडी
१८ ऑक्टोबर, शनिवार

दिपाली,

सोबत सुजितरावांचं पत्र आहे. तुला दाखवू नका असं त्यांनी लिहिलंय. मी दाखवतोय. पोराचा विश्वास मोडला, त्याची क्षमा त्यांच्याकडे उद्या समोर बसून मागेन. पण तुमच्या दहा बाय बाराच्या खोलीत तीन माणसांची खोटी कोंबलेली आहेत, तुझं, त्याचं आणि माझं. माणसांना हलायला जागा कुठून उरणार?

वाचून तुला जे करायचं ते कर. रविराजबरोबर जायचं तर बिनघोर जा. मी उद्या पिशवी घेऊन येतोय. त्याचे भाऊ १० नोव्हेंबरला न्यायला येणार आहेत ना, तोवर मी त्याच्याजवळ राहतो. सून म्हणते, या वयात तुम्हाला कुठं जमतंय? मी म्हटलं, सोळा वर्षांपूर्वी जमलं नाही, आता बघू दे.

मामा

निघोजे
२७ ऑक्टोबर २०२५

चि. दिपालीस आशीर्वाद.

तू परभणीला सुखरूप पोचल्याचं सुजितनं सांगितलं. सांगितलं म्हणजे लिहून दाखवलं. मी बहिरा नि तो मुलखाचा अबोल, म्हणून आम्ही दोनशे पानी वही आणलीय. सकाळपासून खसाखसा लिहितो. त्याचं पहिलं वाक्य मी जपून ठेवलंय, "मामा, तुम्ही घोरता ते तुम्हाला ऐकू येत नाही, हे तुमचं नशीब."

कूस बदलायला शिकलो. पहिल्या दिवशी मीच त्याच्या अंगावर पडलो. लघवीची पिशवी बदलताना अर्धी माझ्या धोतरावर. मी शरमलो, तर तो खदाखदा हसतोय. नुसतं तोंड दिसत होतं, आवाज नाही, पण खाट हलत होती. मंगळवारी ताप आला होता. फणफणला. गोळी दिली, पट्ट्या ठेवल्या, गुरुवारी उतरला. तुला फोनवर त्यानं "सगळं ठीक" सांगितलं असेल. ते खरं नव्हतं, म्हणून इथं लिहितो. यापुढं लपवायचं नाही असं आम्ही वहीत लिहून दोघांनी सह्या केल्यात.

शनिवारी इंदुताईंनी त्यांचे दोन पुतणे बोलावले. खुर्चीसकट उचलून पायरीखाली ठेवला. इंदुताई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या म्हणे, "न्हाई व्हय न्हाई व्हय करत सा म्हैनं घातलंस की रं! ऊन काय चावतंय व्हय?" हे सुजितनं लिहून सांगितलं. आधी डोळे मिटून बसला. मग लेकानं चाकं स्वतः ढकलली, पार बोअरवेलपर्यंत. हात खरंच पैलवानाचे झालेत. तिथं टेम्पोवाले थांबतात, त्यांच्याशी अर्धा तास गाड्यांच्या गप्पा. परत आला तो थकून झोपला.

सगळं गोड आहे असं समजू नकोस. काल दिवसभर वही उघडली नाही. संध्याकाळी एकच ओळ, "दादाकडे अंगण मोठं आहे." मी खाली लिहिलं, "हो."

ये असं मी लिहिणार नाही. सुजितनंही तसं लिहायला मनाई केलीय. ती मनाई तेवढी पाळतो.

तुझा
मालोजीमामा

परभणी
१ नोव्हेंबर २०२५

ती. मामांना दिपालीचा नमस्कार.

पत्र काल मिळालं. तापाचं कळवलंत, बरं केलंत. फोनवर आमचं "जेवलास का, जेवलीस का" एवढंच चालतं.

अठरा तारखेला काय झालं ते तुम्हाला त्यानं सांगितलं नसणार. इंदुताईंनी पाकीट दिलं. मी त्याचं पत्र त्याच्यासमोर उभी राहून वाचलं. वाचून झाल्यावर मी ओरडले. मामा, मी इतकी कधीच ओरडले नव्हते. "चार महिने माहीत होतं आणि मला ऐंशी-ऐंशी वेळा 'वा' म्हणायला लावलंस?" तो म्हणाला, "तू जिलेबी आणलीस तेव्हा मी काही म्हटलं का?" त्या संध्याकाळी सुरू झालं ते रविवारी सकाळी परत सुरू झालं. सात महिन्यांचं सगळं निघालं. इंदुताई आल्या, आम्ही दोघांनी त्यांनाच गप्प केलं. तेवढ्यात रविराज दारात. सुजित म्हणाला, "जा. तू नसलीस तर मला काय फरक पडतो?" आणि मी पिशवी उचलली.

बसमध्ये बसले आणि डोक्यावरचं पोतं उतरवल्यासारखं हलकं वाटलं. खरं तेच लिहिते. दोन दिवस नुसती झोपले. आईनं डोक्याला तेल लावलं. मला वाटलं, आता संपलं, मी परत जात नाही.

मग भाऊबीजेपासून बायका भेटायला येऊ लागल्या. सगळ्या चांगल्या, सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. "किती चांगला होता गं तुझा नवरा." "किती हसरा होता." मी पहिल्या दिवशी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू म्हणाल्या, "देखणा होता," तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "काकू, आहे तो. अजून देखणाच आहे. भांडायला तर आता पहिल्यापेक्षा तयार झालाय." आई माझ्याकडे बघत राहिली.

मी त्याच्या भावांशी फोनवर बोलले. दहा तारखेला या म्हटलं, पण न्यायला नाही, बसून बोलायला. वर्षातले दोन-तीन महिने त्यांनी सांभाळायचं, तेवढ्यात मला श्वास मिळेल. ते "बघू" म्हणालेत. "नाही" म्हणालेले नाहीत. आणि इंदुताईंना विचारा, मागच्या बाजूची, पायरी नसलेली खोली रिकामी होतेय का. ती पायरीची खोली मला परत बघायची नाही. त्या खोलीत मी पुन्हा राहणार नाही, हे मी ठरवलंय.

मी कायमची येते असं लिहीत नाही. तसं लिहिलं तर तेही खोटंच व्हायचं. आणखी वर्षानं मी काय करीन मला माहीत नाही. आई रडतेय, रविराज बोलत नाही. तरी नऊ तारखेला, रविवारी, निघते आहे. दुपारी चारपर्यंत पोचेन.

त्याला लपवू नका, सांगून ठेवा. म्हणावं, "फरक काय पडतो" असं विचारलं होतंस आणि रविराज आल्यामुळं मला उत्तर देता आलं नव्हतं. उत्तर मोठं आहे, फोनवर मावणार नाही. ते द्यायला येतेय. तयार राहा म्हणावं.

तुमची
दिपाली